डावीकडचं आरमार

“ग्लायोब्लास्टोमा,” डॉक्टर म्हणाल्या. मेंदूत झपाट्याने पसरणारा कॅन्सर. मी हा शब्द तोवर ऐकलाही नव्हता. श्रीधर, माझा नवरा, खिडकीकडे बघत होता.

“घरी काही वेगळं जाणवलं होतं?”

मी नाही म्हणाले. मग आठवत गेलं.

श्रीधर निवृत्त इंजिनिअर. अमेरिकेत, आमच्या नेपरव्हिल गावच्या बर्फात घरी अडकला, की डायनिंग टेबलावर लाकडी जहाजं मांडून जुन्या लढाया लावायचा. त्या आठवड्यात इंग्रज आणि डचांची, उत्तर समुद्रातली चार दिवसांची लढाई होती. इंग्रजांची रांग टेबलाच्या मध्यावरच संपली होती. डावीकडची जहाजं खोक्यातच.

“एवढेच इंग्रज?”

“सगळे आहेत. आधी इतिहास वाच, बाईसाहेब!”

इतिहास मी वाचलेला होता. त्या लढाईत इंग्रजांची एक तुकडी फ्रेंचांना अडवायला खरोखरच दुसरीकडे गेली होती. माझं समाधान झालं. ताटातली डावीकडची चटणी, कोशिंबीर, लोणचं तसंच राहायचं. बीपीमुळे टाळतोय, असं मी धरून चालले.

डॉक्टरांनी याला ‘लेफ्ट नेग्लेक्ट’ म्हटलं. डोळे ठीक असतात. मेंदूच्या लेखी डावी बाजू उरतच नाही आणि ती नाही, हेही माणसाला कळत नाही. तुमच्या घरी कुणाचं असं अर्धं ताट राहू लागलं, तर कारणं शोधत बसू नका. डॉक्टरांना सांगा.

बायोप्सी झाली. मी पलंगाच्या डाव्या अंगाला, त्याचा हात धरून बसले होते. नर्सने विचारलं, “मिसेस कुठे आहेत?”

“अजून आली नाही,” श्रीधर म्हणाला.

आमची मुलगी मुक्ता ओरडलीच, “बाबा! शी इज होल्डिंग युअर हँड!”

“कुणाचा हात?” त्याने शांतपणे विचारलं.

हा मला न बघताच जाणार, असं वाटलं.

थेरपिस्ट आली. तिने माझी खुर्ची उचलून पलंगाच्या उजवीकडे ठेवली. ती कुठे असेल तिथे सुखी राहो. मी उठून, पलंगाला वळसा घालून तिकडे गेले.

श्रीधरचा चेहरा उजळला. “आलीस? किती उशीर गं!”

“ट्रॅफिक होतं,” मी म्हणाले.

रेडिएशन झालं. एप्रिलमध्ये तो गेला. तोवर ती खुर्ची मी कुणाला हलवू दिली नाही.