ओटीचा नारळ

माझ्या पोटावर डाव्या बाजूला पिशवी आहे. आक्काच्याही. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आधी तिला झाला. डॉक्टरांनी सख्ख्या भावंडांना तपासून घ्यायला सांगितलं, त्यात माझाही सापडला. तिचं ऑपरेशन लातूरला झालं, माझं नांदेडला. मलमार्ग पोटावर काढला, त्यावर पिशवी चिकटवली. इथपर्यंत दोघांचं सारखंच.

मी नांदेडच्या एका वर्तमानपत्रात काम करतो. कामावर परतल्यावर शर्ट पँटीबाहेर सोडू लागलो आणि कारण सांगून टाकलं. एक सहकारी म्हणाला, "तुमचं बरंय साहेब, आता मीटिंग सोडून उठावं लागत न्हाई." सगळे हसले, मीही हसलो. औशाला आक्काजवळ असं बोलणारं कुणी नव्हतं, कारण तिनं घराबाहेर कुणाला सांगितलंच नव्हतं. परकराची नाडी नेमकी पिशवीवर यायची, म्हणून ती नाडी वर, छातीखाली बांधायची. साडी एवढी आखूड का, असं शेजारणी विचारायच्या. देवघरात दिवा लावणं तिनं सोडलं. कुणी मनाई केली नव्हती. दाजी लावू लागले.

मग भाचीचं लग्न ठरलं. मुलाकडची मंडळी उमरीची. मुलाला सांगून टाकू, असं भाची म्हणाली. आक्कानं तिला शपथ घातली.

"आईला हाय म्हणल्यावर लेकीलाबी हुईल म्हणत्याल. लग्न मोडंल."

साखरपुडा औशातच होता. आक्कानं सकाळपासून काही खाल्लं नाही. न खाल्लं तर पिशवी भरणार नाही, असा तिचा विचार. रिकामं आतडं जास्त वाजतं, हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकलं नाही.

तिला धास्ती होती ओटीची. मुलाची आई मुलीच्या आईची ओटी भरते. पदर पोटाशी धरायचा, त्यात तांदूळ, खण, नारळ घ्यायचा आणि सगळं कमरेला खोचायचं. नारळ पिशवीवर दाबला जाणार होता.

मामा म्हणून मी जवळच उभा होतो. विहीणबाईंनी हळदीकुंकू लावलं, तांदूळ घातले, खण ठेवला. नारळ उचलला आणि तेवढ्यात आवाज झाला. लांबलचक, ओला. तो आवरणं कुणाच्या हातात नसतं.

मागच्या बायकांत खसखस पिकली. "कोण गं ते? जेवायची घाई झाली वाटतं!"

"माझा आवाज हाय," मी म्हणालो. "आतड्याचं ऑपरेशन झालंय. पोटावर पिशवी हाय."

हसणं थांबलं. विहीणबाई म्हणाल्या, "असू द्या मामा. दुखण्याला काय लाजायचं?" आणि नारळ पुढे केला.

आक्कानं पदर मागे घेतला.

"भावाला हाय ते खरं हाय. पर आवाज माझा व्हता. मलाबी तेच झालंय."

दाजींनी मान खाली घातली. विहीणबाईंनी नारळ ताटात परत ठेवला.

"पोरीला ठाऊक हाय?"

"हाय."

"आमच्या पोराला?"

आक्कानं नाही म्हणून मान हलवली.

"थांबा जरा," म्हणून त्या पुरुषांच्या बाजूला मुलाकडे गेल्या. आक्का पदरात तांदूळ घेऊन तशीच उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. मी तिला हळूच विचारलं, मी सांभाळून घेतलं होतं, मग का बोललीस?

"नारळ घेऊन उभ्या व्हत्या त्या. ओटीत खोटं कसं घिऊ?"

समोर मुलगा आईचं ऐकत होता. त्यानं एकदा भाचीकडे पाहिलं, आईला काहीतरी विचारलं. आईनं माहीत नाही अशी मान हलवली. त्याचा बाप मध्ये बोलू लागला, तेव्हा मुलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भाची अंगठीच्या डबीचं झाकण उघडत होती, लावत होती.

विहीणबाई परत आल्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"काय म्हणला?" दाजींनी विचारलं.

"पोरीची तपासणी झाली का म्हून विचारून राहिला. न्हाई झाली तर सोबत जातो म्हणतोय." मग आक्काकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. "त्याचा बाप नाराज हाय. मला आधी सांगायला पायजे व्हतं तुमी."

"व्हय," आक्का म्हणाली.

विहीणबाईंनी नारळ उचलला. "कोणत्या अंगाला हाय?"

"डाव्या."

त्यांनी पदर उजवीकडे ओढला, त्यात नारळ ठेवला आणि स्वतःच्या हातानं खोचून दिला. आक्काचा डावा हात मात्र पिशवीवरच होता. तो काढायला तिला वेळ लागला.