तळ्याच्या वाटेवरची चार चित्रे

आमच्या घराची तळ्याकडची भिंत अजून तशीच आहे. वळचण मोठी असल्यामुळे तिच्यावर पाऊस येत नाही, आणि म्हणून मी काढलेल्या चित्रांतला गेरू अजून गेलेला नाही. दिवाळीला चुना लावू, असे भाऊ म्हणतो. मागच्या दिवाळीलाही तो तसेच म्हणाला होता.

आमचे गाव बाळकुमच्या पलीकडे, खाडीला लागून. घर मिठागरावर राबणाऱ्यांचे. वडील मी लहान असतानाच गेले. घरात आई, थोरला भाऊ, वहिनी आणि मी. अक्षर ओळखणारा आमच्यात मीच पहिला. ठाण्याच्या शाळेत शिकलो, तिथल्या मास्तरांनी खटपट केली, आणि मी मुंबईला कॉलेजात गेलो. तिथे मी काय शिकतो ते मला आईला कधीच नीट सांगता आले नाही. सुट्टीत घरी आलो की ती माझे पुस्तक मांडीवर घेऊन उघडी. उलटे धरले आहे की सुलटे, हे तिला कळत नसे. मिठाने चिरलेल्या बोटांनी ती पानावरून हात फिरवी आणि म्हणे, "मुंग्यांवानी हाय रं. येवरा बारीक तुना दिसतं कसा?"

मला तेव्हा फार वाटे की आईने एकदा तरी काही वाचावे. मी केलेले काहीतरी वाचावे.

कॉलेजात माझ्या शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थ्याकडे एक विलायती मासिक होते. त्यातल्या एका पानावर चार चौकटी होत्या. पहिल्या चौकटीत एक लठ्ठ गृहस्थ ऐटीत टोपी घालून घरातून निघतो. दुसरीत वाऱ्याने टोपी उडते. तिसरीत तो तिच्यामागे धावतो. चौथीत तो चिखलात बसलेला आहे आणि टोपी गाढवाच्या कानावर आहे. खाली एक अक्षर नव्हते, तरी आम्ही पोट धरून हसलो. आमच्या खानावळीतल्या आचाऱ्याला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. तोही ओला हात पंच्याला पुसत आला, चौकटींवरून बोट नेत शेवटापर्यंत गेला आणि मोठ्याने हसला. मी त्याच्या बोटाकडे बघत होतो. मला वाटले, हे वाचणेच झाले. हे आईलाही येईल.

त्याच उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी आलो तेव्हा कल्याणच्या बाजूला पटकीची साथ लागली होती. वहिनीचे माहेर मोहन्याला. तिकडून खाडीतून मिठाचे पडाव हाकत येणारे खलाशी रोज काही ना काही बातमी आणत. अमक्याच्या घरात दिवा लावायला कोणी उरले नाही, असे सांगत, आणि आमच्याच धक्क्यावर बसून आमच्याच तळ्याचे पाणी पीत. गोडे पाणी गावाला त्या एका तळ्याचे. वैशाखात ते निम्म्याहून खाली जाई. एका बाजूला धुणे, दुसऱ्या बाजूला हंडे. कॉलेजात एका डॉक्टरांनी आम्हांला समजावून सांगितले होते की आजाऱ्याचे कपडे ज्या पाण्यात धुतले जातात, त्याच पाण्यातून हा रोग पोटात जातो, आणि पाणी खळखळून उकळले तर जात नाही.

मी हे आईला सांगितले. माझ्या मनात धास्ती होती की ती हसेल. ती हसलीच.

"पानी तापवाया कालिजात शिकवतान व्हय? मंग मना बी धारायचा व्हता."

वहिनी म्हणाली, "भावजी, सरपन तुमी आना. मंग मी उकलते."

मी खाडीकाठच्या खाजणातून तिवराची लाकडे आणली. वहिनीने मागच्या चुलीवर पाणी उकळले, निववले, गाळले. आईने तांब्या तोंडाला लावला आणि तोंड वाकडे केले.

"चव मेली याची. मेलेला पानी लागतं." मग माझ्याकडे बघून तिने आणखी एक घोट घेतला. "पन तू बोलतंस तं पिते."

आणि ती पीत राहिली. रोज. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे याच्यानंतरचे आहे. चित्र काढण्याच्या आधीच माझी आई उकळलेले पाणी पीत होती, नुसत्या माझ्या शब्दावर.

पण बाकी गाव पीत नव्हते. मला चारचौघांत बोलता येत नाही. कॉलेजातली भाषा तोंडात आली की लोक हसतात, आणि घरची बोली बोलू गेलो तर तीही आता अडखळते. मी पारावर एकदा प्रयत्न केला. दोन वाक्ये झाली आणि एकाने विचारले, "सायब, तुमी चाय पिता का?" त्यावर सगळे हसले. मीही हसलो आणि घरी आलो.

तेव्हा मला त्या चौकटी आठवल्या.

तळ्याची वाट आमच्या भिंतीवरून जाते. गावातली प्रत्येक बाई तिथून जाते. मी भिंतीला चुना लावला, चुलीतला कोळसा घेतला, गेरू भिजवला आणि चार चौकटी आखल्या. आई दारात बसून बघत होती. शेजारची काकी हंडा कमरेला लावून थांबली. तिच्या मागे आणखी दोघी.

"ही कोन रं? म्हस?"

"बाय हाय, काकी. धुना धुतं."

"बाय हाय व्हय! मंग तिचा पदर कुठं हाय? उघरीच बसवलीस बिचारीला!"

मी घाईने पदर काढला.

"आता बरी दिसतं. कोनाची सून गो ही?"

"सायबाची!" मागची म्हणाली, आणि त्या तिघी खिदळत तळ्यावर गेल्या. आईही हसली. मला फार बरे वाटले. मला वाटले, लागले वाचायला.

पहिल्या चौकटीत एक बाई तळ्यात आजाऱ्याचे कपडे धुते आहे आणि दुसरी तिथेच हंडा भरते आहे. दुसरीत एक माणूस चटईवर आडवा पडला आहे. तिसरीत चुलीवर हंडा आहे, खाली जाळ, वर वाफ. चौथीत पोरे त्या हंड्यातले पाणी पिऊन घराच्या उघड्या दारापुढे अंगणात खेळत आहेत. तिसरे चित्र मी आधी घरातल्या चुलीचे काढून पाहिले होते. पण आमच्या स्वयंपाकघरात दिवसाही अंधार असतो, आणि तो अंधार कोळशाने दाखवू गेलो तर सगळे काळेच झाले. म्हणून ते पुसले आणि चूल बाहेर उजेडात घेतली. घराचे दार मागे, पुढे अंगण, अंगणात तीन धोंडे, धोंड्यांवर हंडा. हंडा आणि जाळ गेरूचा, लांबून दिसावा म्हणून. सगळ्यांत चांगले चित्र तेच झाले होते.

पुढचे काही दिवस बायका थांबत, बघत, आपसांत बोलत. मी आत बसून ऐकण्याचा प्रयत्न करी, पण शब्द कळत नसत. मग त्यांचे थांबणे कमी झाले. मग एक दिवस माझ्या लक्षात आले की भिंत आली की त्या पदर पुढे ओढून घेतात आणि पाय उचलतात. कोणाच्याच घरी पाणी उकळत नव्हते. मला वाटले, चित्रे जुनी झाली.

एका सकाळी खालच्या घरची सून कडेवर मुलगी घेऊन उभी होती. मुलगी भिंतीकडे बोट दाखवून रडत होती, आणि तिला गप्प करण्यासाठी ती सांगत होती. मी दाराच्या आत होतो.

"बघ, ही पोरा खेलतान. मंग त्यांच्या अंगनात पानी तापवलान. मंग यो त्यांचा बापूस, मेला, झोपवलाय बघ. मंग बायका त्याची कापरा धुवाया तल्यावर गेल्या. जाला. चल आता."

मी तसाच बाहेर धावलो. "वैनी, तसा नाय! इकडून बघायचा, या टोकाकडून!"

ती दचकली. मग तिने वस्तीकडे बोट केले, जणू मलाच वाट ठाऊक नव्हती.

"पन भावजी, आमी तं हिकरूनच येतो."

वस्तीतून येताना भिंतीचे उजवे टोक आधी लागते. परत जाताना डोक्यावर भरलेले हंडे असतात, तेव्हा कोणी मान वळवत नाही. डावीकडून उजवीकडे जायचे हे मला शाळेने शिकवले होते. त्यांना कोणी शिकवले नव्हते. त्या चालत येत, आणि जे आधी दिसे ते आधी. उजवीकडून माझी गोष्ट चांगली सरळ होती. कुठे अडत नव्हती. आणि ती सगळी त्या हंड्यावर उभी होती. आंघोळीचे पाणी आमच्याकडे मागच्या दारी तापते. पुढच्या अंगणात तीन धोंडे मांडून हंडा चढतो तो एकाच कामाला, मयताला आंघोळ घालायला. लहानपणापासून मी ते किती घरांपुढे पाहिले होते. चित्र काढताना त्यातले एकही मला आठवले नाही. मी फक्त उजेड शोधत होतो.

त्याच दिवशी काकी आली. ती भांडायला आली नव्हती. ओटीवर बसली आणि आईला म्हणाली, "पोरानं चांगल्यासाठी काढलान, आमी कुठं नाय बोलतो? पन तू रोज पानी तापवतंस, असा लोकं बोलतान. कोनासाठी तापवतंस गो?"

काकी गेल्यावर भाऊ मागच्या दारी गेला आणि त्याने चुलीवर पाणी ओतले. वहिनी बाजूला उभी होती. मी आईला खूप सांगितले. डॉक्टरांचे सांगितले, तळ्याचे सांगितले, गावाला बोलू दे म्हणालो. मला वाटते मी पाया पडलो.

"मना पानी नको आनू तसला," ती म्हणाली. "माझा काय हाय? पन उद्या गावात कोन मेला, तं तुझ्या नावावर येल. म्हनतील, त्यानं भित्तीवर काढलान आनि त्याच्या आयेनं तापवलान. तुना हितं परत यायचा हाय."

"आये, पन तू पीत व्हतीस ना?"

"पीत व्हती. आता नाय."

मी ओल्या फडक्याने भिंत पुसली. कोळसा गेला. पोरे गेली, चटई गेली, तळे गेले. गेरू मी नीट भिजवून, चुन्यात मुरवून लावला होता, तो निघाला नाही. घासून हात सोलले तेव्हा वहिनीने फडके काढून घेतले. भिंतीवर हंडा आणि जाळ राहिला.

त्यानंतर पटकी आमच्या गावात आली. आधी धक्क्याजवळच्या घरात, मग इतरांत. आई एका पहाटे उठली ती भिंतीला धरूनच बाहेर गेली. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले आणि आवाज बसला. आता कोणी अडवले नाही. वहिनीने चूल पेटवली, मी पाणी उकळले, निववले, चमच्याने तिच्या ओठांत घातले. ते तिच्या पोटात राहिले नाही. मध्येच तिने माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाली, मी कान नेला तेव्हा ती म्हणत होती, "भाईर नको." पाणी बाहेर तापवू नको, असे तिला म्हणायचे असावे. किंवा आणखी काही असेल. संध्याकाळी ती गेली.

भावाने पुढच्या अंगणात तीन धोंडे मांडले आणि हंडा चढवला. लोक थोडेच आले होते, आणि तेही लांब उभे होते. मी ओटीवर बसलो होतो. खालच्या घरची सून वाटेवर उभी होती, कडेवर मुलगी. मुलीने भिंतीवरच्या हंड्याकडे बोट केले, मग अंगणातल्या हंड्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे. दोन्ही एकच आहेत हे तिला कळले होते आणि ते आपल्या आईला दाखवायचे होते. तिच्या आईने तिचे बोट मुठीत धरून खाली केले. मला कोणी काही बोलले नाही. आजपर्यंत बोललेले नाही. काकी आमच्याकडे येते, वहिनीला कोलीम, म्हणजे जवळा, देते, माझ्या अभ्यासाचे विचारते. पाणी गावात कोणी उकळत नाही, वहिनीही नाही. मीही तिला पुन्हा सांगितलेले नाही.

कॉलेजात परत गेल्यावर तो शेजारचा विद्यार्थी नवीन मासिक घेऊन आला होता. मी बघतो म्हणालो आणि बाजूला ठेवले.

कधी कधी मी ती भिंत मनात पुन्हा काढतो आणि माझ्या बाजूने, डावीकडून चालत जातो. तळे. चटई. हंडा. मग चौथी चौकट येते, उजेडाची, वाचलेल्यांची. तिच्यात पोरे आहेत, अंगण आहे, मागे घराचे उघडे दार आहे, आई बसून बघत होती तसेच. दारात मी कोणालाच काढले नव्हते.