बोटभर फट

आमच्या संडासाला बाहेरची भिंतच नाही. घराच्या पोटात, दोन खोल्यांच्या मधे तो कोंडून बसला आहे. वास दाटतो म्हणून छताजवळ पंखा बसवला आणि त्याचं तोंड इमारतीच्या डक्टमध्ये सोडलं. पंखा घरघरायचा, पण वास हलायचा नाही.

वायरमन मामांनी देव्हाऱ्यातली उदबत्ती मागून घेतली, बंद दाराशी धरली आणि हसले.

"वहिनी, झुरळं येतात म्हणून दाराखाली पट्टी ठोकलीत ना? आत यायला हवेला वाट नाही, मग बाहेर जाणार कुठली? बोटभर फट ठेवा."

पट्टी काढली, तसा उदबत्तीचा धूर सरपटत आत शिरला.

तेव्हापासून मला नादच लागला. सकाळी पंखा बंद करून मी फटीशी उदबत्ती धरते. धूर क्षणभर उभा राहतो. एवढ्या बिऱ्हाडांनी घालवलेली हवा त्या अंधाऱ्या डक्टमधून जाते तरी कुठे? आपल्याला वाटतं, गेली एकदाची. तेवढ्यात धूर माझ्याकडे वळतो आणि त्याच्यामागून मशेरीचा वास येतो. नुकत्याच भाजलेल्या तंबाखूचा.

मशेरी या इमारतीत एकट्या खालच्या काकू लावायच्या. त्यांना जाऊन दोन महिने झाले. घराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडेच असते.

काल पट्टी परत ठोकायला वाकले. फटीतली हवा बोटांना लागली. कोमट होती, आणि थांबून थांबून येत होती.