शॉमबर्गच्या खिडकीतली बाई

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं, आणि त्यातही आमचं वाजलं. मी देठ ठेवत होतो, ती काढून टाकत होती. "तुमच्यापेक्षा शेळी बरी निवडते," एवढं मला ऐकवून कमल जरा पडते म्हणाली. ती पडलीच. पुन्हा उठली नाही.

मी चौथी पास. सारा जन्म साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढला. अमेरिकेत, शॉमबर्ग नावाच्या गावी, मुलाच्या घरात बायको गेली तर कसं वागायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. गेलेल्या माणसाच्या नावानं दिवा लावतात आणि तेराव्यापर्यंत तो विझू द्यायचा नसतो, एवढं मात्र ठाऊक होतं. लावला. बॉयलरवरच्या माणसानं वळलेली वात ती, अंमळ जाडच! दुसऱ्या दिवशी छतावरचं धुराचं यंत्र असं बोंबललं, की गल्लीतली कुत्री त्याला साथ द्यायला लागली. सुहासनं (आमचे चिरंजीव) धावत येऊन दिवा विझवला.  पुढं महिनाभर कुणाशीच काही बोललो नाही.

जेवणही सुटलं, तेव्हा सुहासनं मला डॉक्टरीणबाईकडे नेलं. ती म्हणाली, इथं हिवाळ्यात ऊन मिळत नाही, त्यानं माणसं खचतात. मी म्हटलं, माझी बायको मेलीय, त्यात उन्हाचा काय संबंध? सुहासनं हे तिला इंग्रजीत सांगितलं, पण ते फारच थोडक्यात झालं. शेवटी तिनं औषधाच्या गोळ्यांऐवजी पाटाएवढा एक दिवा सुचवला. रोज सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं.

दिवा घरी आला. बटण दाबल्यावर खोली अशी पांढरीफटक झाली, की भिंतीवरचा खिळासुद्धा उघडा पडल्यासारखा दिसायला लागला. मी तो खिडकीपाशी, कमलच्या फोटोशेजारी मांडला. अर्धा तास भरला. बटणाकडे हात नेला आणि हात तिथंच राहिला. याला वात नाही, धूर नाही, यंत्र बोंबलत नाही. मग विझवायचा कशाला?

दिवा चालू राहिला. दिवसा, रात्री, चालूच. उजेड बाहेर जाऊ नये म्हणून मी दाराच्या फटीला टॉवेल कोंबला.

तिसऱ्या दिवशी झोप गेली. चौथ्या दिवशी अंगात वारं भरलं. आमच्या दारातला बर्फ उपसला, समोरच्या गोऱ्या आजीबाईंच्या दारातलाही उपसला. सूनबाई मीनलच्या काळ्या तव्याचा काळेपणा तारेच्या घासणीनं पार काढून टाकला. (तो काळाच असावा लागतो म्हणे.) मीनल तवा उजेडात धरून उलटासुलटा करून बघत होती. सुहास मात्र खूश. म्हणाला, बाबा, लाइट थेरपी काय सॉलिड काम करतेय!

सहाव्या दिवशी पहाटे कमल आली.

माझी कानटोपी मीनलनं मशीनमध्ये धुतल्यापासून ती बाहुलीच्या मापाची झाली होती, म्हणून कमलची शाल डोक्यावरून घेऊन मी दिव्यासमोर बसलो होतो. बाहेर काळोख. खिडकीच्या दुहेरी काचेत, बर्फावर तरंगत असावी तशी ती बसलेली. डोक्यावरून शाल, मान जरा खाली. चेहरा नीट दिसेना, पण बसणं तिचंच. मी हळूच म्हटलं, "आलीस?" तिचेही ओठ हलले. मी बोलायला लागलो की तीही बोलायची. मला शंका आली नाही. बेचाळीस वर्षांत तिनं माझं वाक्य एकदाही पुरं होऊ दिलेलं नव्हतं.

मग रोजच येऊ लागली. मी दोन घास जास्त खायला लागलो.

नवव्या दिवशी, शनिवारी, समोरच्या आजीबाई बर्फ उपसल्याबद्दल केक घेऊन आल्या. दारातच मीनलला विचारत्या झाल्या, वरच्या खोलीतल्या आजींना आता बरं आहे ना? रोज पहाटे शाल घेऊन खिडकीत बसलेल्या दिसतात.

केक वाचला. मीनल मात्र खुर्चीवर कोसळली. आजीबाईंना काय सांगून वाटेला लावलं कोण जाणे. सुहास पांढरा पडला. मी म्हटलं, घाबरता कशाला, मी तर रोज बघतो. त्यावर मीनलनं देवळातल्या गुरुजींना बोलवायचं काढलं आणि सुहास वर गेला. तो दिवा, तो फोटो, खुर्चीवरची शाल, सगळं त्यानं पाहिलं. त्या गावी हिवाळ्यात संध्याकाळी पाचलाच अंधार पडतो. मला खुर्चीत बसवून तो बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि तिथून फोन केला.

"बाबा, रोजच्यासारखी शाल घ्या."

घेतली.  मग मीच फोनवर विचारलं,

"काय रे, दिसतेय का?"

"बाबा, तुम्हीच आहात," तो म्हणाला. आणि मग, "थोडा वेळ तसेच बसा ना."

बसलो. तो आत आला तेव्हा त्याच्या केसांत बर्फ साठला होता. डॉक्टरीणबाईला फोन झाला. दिवा नऊ दिवस सलग चालू आहे हे ऐकून ती म्हणे आधी हसली आणि मग ओरडली. लगेच बंद करा. पण बटणापाशी सुहास गेला नि मागं आला. मीनलही गेली नि आली. शेवटी मी म्हटलं, राहू द्या, सकाळी बघू.

सकाळी मी शाल घडी करून कपाटात ठेवली आणि अर्धा तास घड्याळ लावून बसलो. काचेत एक टकला म्हातारा होता. तो फारसा बघण्यासारखा नव्हता. घड्याळ वाजलं. "बंद करतोय गं," मी म्हटलं आणि जरा थांबलो, कारण माझ्या कुठल्याही कामाला ती अडवल्याशिवाय राहायची नाही. कुणी अडवलं नाही. मी बटण दाबलं.

बाहेर उजाडलं होतं. आजीबाई आपल्या खिडकीत कप घेऊन उभ्या होत्या. मी बनियनवरच, उघड्या टकलानं, त्यांना हात केला. त्यांनी फाडकन पडदा ओढून घेतला.

भूत चाललं बाईंना. मी नाही चाललो.