माळकऱ्याची चिलीम

गेल्या वर्षी उसाची तोड चालू असताना, एका सकाळी अंथुर्ण्यातल्या आमच्या अंगणात थोरल्या भावाने खोऱ्याच्या दांड्याने वडिलांचा डावा हात मोडला. "खात न्हाईस तर ताट उचलतो," एवढेच वडील म्हणाले होते. आदल्या दिवशी त्याने वहिनीचे केस धरून तिला ओट्यावर आपटले होते. तिच्या भुवईला टाके पडले होते.

ओरडा ऐकून चुलते आणि त्यांची दोन मुले धावत आली. मीही तिथेच होतो. त्यांनी भावाला दोराने लिंबाला बांधले आणि पट्ट्याने झोडपले.

"नशा उतरती का न्हाय ते बघतो!" चुलते म्हणाले.

"चढलीच न्हाय तर उतरंल काय, तात्या?" भाऊ ओरडला. त्याच्या ओठातून रक्त येत होते.

पट्टा थांबला नाही.

भावाच्या गळ्यात तुळशीची माळ होती. दारू सुटावी म्हणून काही वर्षांपूर्वी वडिलांनी ती घालायला लावली होती. दारू आणि मटण दोन्ही सुटले. आमच्याकडे माळ घातली की माणूस सुधारला असे धरतात आणि पुढे कुणी विचारत नाही. गांजा त्या शपथेत नव्हता.

वहिनी वडिलांना सांगायची, "मामा, ह्यांना उठल्या उठल्या चिलीम लागती."

वडील म्हणायचे, "माळकऱ्यावर आळ घिऊ नगं. गांजा काय दारू हाय व्हय? बैरागी ओढत्यात."

आधी संध्याकाळच्या एका चिलमीवर भागायचे, नंतर दिवसभर ओढूनही पुरेना. उसाचे पाणी चुकायला लागले. सोडतो म्हणून भावाने दोनदा सोडला आणि दोनदा पुन्हा धरला. हात मोडला त्याच आठवड्यात वहिनीने त्याची पुडी गोबरगॅसच्या टाकीत टाकली. नवी मिळाली नाही. त्याची झोप गेली, जेवण तुटले, अंथरूण घामाने भिजू लागले. घरात सगळे म्हणाले, ओढून आलाय.

बारामतीच्या दवाखान्यात वडिलांनी सांगितले, "ट्रॅक्टरवरनं पडलो."

वहिनीने भुवईवरच्या पट्टीला हात लावला. "मंग मीबी ट्रॅक्टरवरनंच पडले का, मामा?"

डॉक्टर काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "ह्यांच्यावर उपचार करा. आन् परत माझ्यावर हात उठला तर मी पोरीला घिऊन जाणार. मंग बसा माळ सांभाळत."

चुलत्यांनी भावालाही तिथेच आणले होते. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी त्याची पाठ पाहिली. "हे वळ कुणी उठवले?" चुलते खिडकीबाहेर बघू लागले.

"शेवटचा कधी ओढला?"

"पाच दिस झालं."

डॉक्टर वडिलांकडे वळले. "हा नशेत नव्हता. रोजचा गांजा एकदम तुटला की झोप जाते, भूक मरते, माणूस चिडतो. पहिल्या आठवड्यात जास्त, मग दोन-तीन आठवड्यांत ओसरत जाते. बांधून, मारून ते जात नाही. झोपेसाठी थोडे दिवस गोळी देतो. खरा उपचार म्हणजे इथे येऊन बोलणे आणि ओढायची तल्लफ आली की काय करायचे ते शिकणे." मग त्यांनी भावाकडे पाहिले. "पण चिडणे वेगळे आणि दांडा उचलणे वेगळे. ते गांजावर ढकलायचे नाही."

वडिलांनी विचारले, "मंग माळ काढायची का?"

"राहू द्या. तिच्या शपथेत गांजाही धरा."

भाऊ दर आठवड्याला बारामतीला जाऊ लागला. मध्ये एकदा ओढला. ते त्याने डॉक्टरांना स्वतः सांगितले, उपचार चालू राहिले. तो जेवू लागला, उसाला पाणी वेळेवर बसू लागले. पुढच्या महिन्यात त्याची लघवीची तपासणी झाली. गांजाचा अंश सापडला नाही. त्याच दिवशी दुपारी भाकरी करपली म्हणून त्याने वहिनीच्या तोंडावर तांब्या फेकून मारला. तिचा पुढचा दात पडला.

त्यानंतरच्या सगळ्या तपासण्याही स्वच्छ आल्या. वडिलांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. वहिनी त्या दुपारीच मुलीला घेऊन माहेरी, पिंपळीला गेली. ती तिथेच आहे.