पाच पत्ते

नोकरी गेल्यावर मी भाषांतराचा व्यवसाय काढला आणि स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं. त्यावर पाच ईमेल पत्ते फुकट होते. वाया कशाला घालवायचे, म्हणून चौकशी, विक्री, तक्रार, संचालक आणि नोकरी असे पाचही काढले. सगळ्यांचे मेल माझ्याच फोनवर येणार होते.

"एवढं मोठं ऑफिस या टेबलावर मावेल का रे?" मटार सोलता सोलता बायको म्हणाली.

दोन महिने काहीच आलं नाही. पत्ते चालू आहेत ना, हे बघायला मीच 'विक्री'वरून 'चौकशी'ला मेल टाकायचो. फोन वाजला की, आपलाच मेल आहे हे ठाऊक असूनही, क्षणभर बरं वाटायचं. कुणी निदान तक्रार तरी करावी! माणूस किती एकटा पडला की स्वतःलाच 'कळावे' लिहू लागतो?

काल खरंच एक मेल आला, 'नोकरी'वर. एका अनोळखी बाईंनी लिहिलं होतं, "सहा महिने घरी बसून आहे. कोणतंही काम चालेल. कृपया एवढं साहेबांपर्यंत पोहोचवा."

मी तो मेल तीनदा वाचला आणि 'संचालक'कडे पाठवला. लगेच माझ्याच हातातला फोन वाजला. या वेळी तो उघडायची हिंमत झाली नाही.