मेस्त्रींची वाट

वामन मेस्त्री गेल्याचं मला टपालातून कळलं. बहारीनमधल्या सलमाबादच्या आमच्या कॅम्पात भारतातून येणारी पत्रं आधी माझ्या टेबलावर येतात. मी इथला टाइमकीपर. हजेरी, रजेचे फॉर्म, पासपोर्टांचं कपाट आणि टपाल, सगळं माझ्याच खोलीत. पाच आठवड्यांपूर्वी त्या गठ्ठ्यात एक कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड निघालं. पत्ता माझाच होता. कुडाळजवळच्या गावाहून मेस्त्रींच्या धाकट्या भावाने लिहिलं होतं, "वामनदादा दुपारी जेवून पडले, ते उठले नाहीत. तुमची नेहमी आठवण काढीत." शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचलं नाही… वाचवलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना स्वतःला बाजूला ठेवावं, हे मला समजतं. पण मेस्त्रींबद्दल खरं लिहायचं तर मला मध्ये यावंच लागेल.

मेस्त्री शटरिंगचे सुतार. आम्ही एकाच विमानाने बहारीनला आलो, सत्तरीच्या दशकात, तेव्हा कॅम्पात पंखेच होते. मी साताऱ्याकडचा, ते मालवणी मुलखातले, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. मला ते "कारकुनानू" म्हणत आणि लगेच पुढे "मेल्या" म्हणत, त्यामुळे आदर आणि शिवी एकदमच मिळायची. फळ्यांचा साचा ठोकायचा, त्यात काँक्रीट भरून भिंत धरली की फळ्या काढून टाकायच्या, असं त्यांचं काम. "माझा काम कोण बघीत नाय रे," ते म्हणत, "भिंत उभी रवली की सुतार भायर." म्हणून की काय, लाकूडकाम दिसेल असं काहीही बघायला ते कुठेही जात. मनाम्यातल्या जुन्या गल्ल्यांतले दरवाजे, मुहर्रकच्या घरांचे सज्जे… शुक्रवारी मला ओढून न्यायचे आणि एखाद्या बिजागरीपुढे अर्धा तास उभे राहायचे.

शेजारच्या कंपनीत काही थाई सुतार आले. त्यातल्या सोमचायशी मेस्त्रींची दोस्ती झाली. दोघांना समान भाषा एकही नव्हती. "यल्ला", "खलास" हे दोन अरबी शब्द आणि हातवारे एवढ्यावर ते दोघे रंध्यापासून बायको-मुलांपर्यंत सगळं बोलत. सोमचायने त्यांना एक जुनं कॅलेंडर दिलं, त्यावर त्याच्या देशातली देवळं होती. एकावर एक चढलेली छपरं, टोकाला नागासारखी वळलेली लाकडं. त्या संध्याकाळी मेस्त्री माझ्या खोलीत आले ते हसतच.

"कारकुनानू, तिकडे देवळाक काय म्हणतत ठाऊक आसा? वाट!"

"काय सांगता?"

"देवाच्यान. म्हणजे आता बघ, बायको घराकडे माझी वाट बघता, आणि मी जातलंय वाट बघूक!"

त्या दिवसापासून आमचं ठरलं. पुढची रजा दोघांनी एकदम घ्यायची, बँकॉकवरून मुंबईला जायचं. आम्ही बांधत होतो त्या हमद टाउनच्या घरांच्या एका रद्द नकाशाच्या पाठीवर मेस्त्रींनी सुतारी पेन्सिलीने यादी केली. वाट फो, तिथे झोपलेला बुद्ध. वाट अरुण, नदीकाठी. राजवाड्यातला पाचूचा बुद्ध. मग रेल्वेने अयुथ्थया. "ती त्यांची अयोध्या," ते मला समजावीत. आणि जमलं तर दूर उत्तरेला चिआंग माय, तिथे सागवानी देवळं आहेत म्हणून. चिआंग मायखाली दोन रेघा होत्या.

पण आमच्या कॅम्पात बँकॉक या शब्दाला एकच अर्थ होता. तिथे जाऊन आलेल्याकडे बघून माणसं डोळा मारत. पासपोर्टवरचा तो शिक्का घरी कोणी बघितला तर, सासऱ्यांनी विचारलं तर… मी घाबरलो. माझा फॉर्म मी साहेबांकडे पाठवलाच नाही. मेस्त्रींना सांगितलं, साहेब रजा देत नाही.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुका येवचा नाय तर सरळ सांग. सायबाचा नाव कित्याक घेतंस?" आणि मग, "ऱ्हवांदे. तुझ्या वाटणीचा पण बघून येतंय."

ते निघायच्या आठवड्यात मेसमध्ये जेवताना कोणीतरी विचारलं, "मेस्त्री बँकॉकला कशाला चाललेत हो?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण आमची दोस्ती माहीत होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "देवळं बघायला! तिकडच्या देवळांत देवी फार जागृत आहेत म्हणे." टेबल हसून लोटपोट झालं. मीही हसलो. हसणाऱ्यांत मेस्त्रींच्या शेजारच्या गावचा एक ड्रायव्हर होता, तो दोनच दिवसांनी रजेवर गेला. मेस्त्री बँकॉकहून घरी पोचायच्या आधी माझा विनोद त्यांच्या अंगणात पोचला होता.

रजेवरून परतल्यावर त्यांनी मला देवळं सांगितली, घरचं काहीच सांगितलं नाही. "झोपलेलो देव पयल्यांदा बघितलंय. केवढो लांब! आणि तळव्यांवर शिंपल्याचा काम, चकचकीत. आपल्या बहारीनचेच शिंपले असतीत, काय सांगूचा?" वाट अरुणवर चिनीमातीच्या बश्यांचे तुकडे लावलेत, हे सांगताना म्हणाले, "आपल्या मेसात फुटलेल्यो बश्यो कोणी जपल्यान नाय, नायतर हयसर पण एक वाट झाली असती." अयुथ्थयेला मुंडकं नसलेल्या मूर्तींच्या रांगा होत्या आणि एका झाडाच्या मुळांत अडकलेला बुद्धाचा चेहरा. त्याच्यासमोर ते बराच वेळ बसून राहिले होते. चिआंग माय राहिलं. "घरची ओढ लागली रे," ते म्हणाले.

मग गुरुवार सुरू झाले. गुरुवारी मी टपाल वाटत असे. मेस्त्री दारात येऊन नुसती भुवई उडवायचे, मी म्हणायचो, "मफी." नाही. ते म्हणायचे, "बरा." आणि जायचे. त्यांच्या बायकोचं, सुमनवहिनींचं, पत्र पाच महिने आलं नाही. आधी दर पंधरवड्याला यायचं… निळं, पाठीवर हळदीचं बोट असलेलं. त्यातल्या एका गुरुवारी ते आत येऊन खुर्चीवर बसले. "गावात कोणीतरी कायतरी सांगल्यान. ती बोलली नाय माझ्याशी, पुरी रजाभर. कोणी सांगल्यान असात रे?"

"मला कसं ठाऊक असणार, मेस्त्री?" मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सोपं खोटं होतं ते. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

पुढे पत्रं सुरू झाली, तुटक. पुढच्या रजेनंतर मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "सगळा सांगितलंय तिका, एकेक वाट. बसली ऐकत. इश्वास बसलो काय, ता तिका ठाऊक." दोन वर्षांपूर्वी ते कायमचे घरी गेले. विमानतळावर मी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. त्यांनी माझ्या हातात आपला रंधा ठेवला आणि म्हणाले, "तुका कायेक उपेग नाय, पण ठेव." मी रंध्याबद्दलच बोलत राहिलो.

हे सगळं वहिनींना पत्रात लिहिता आलं असतं. तीन मसुदे केले. पण विनोद मी चारचौघांत केला होता आणि तो घरोघर गेला. तेव्हा उत्तरही घरोघर जायला हवं. म्हणून हा लेख वर्तमानपत्राला दिला; त्याची ही पुरवणी कुडाळच्या स्टँडवर मिळते.

वहिनी, परवा मी रजेच्या जुन्या फाइली काढल्या. मेस्त्रींचा त्या वर्षीचा फॉर्म सापडला. रजेचं कारण या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने, मराठीत, 'देवदर्शन' असं लिहिलं होतं. साहेबांना मराठी येत नाही म्हणून मी त्यावर रेघ मारून शेजारी 'पर्सनल' असं टाइप केलं. रेघ पातळ आहे, खालचा शब्द स्पष्ट वाचता येतो. त्याची झेरॉक्स रजिस्टरने तुम्हाला पाठवली आहे. कोणी विचारलं तर दाखवा. आणि मग तो देवीचा विनोद कुणाचा, असं विचारलं तर माझं नाव सांगा. लेखाखाली छापलेलं आहे.